ख्रिस्तीपणाचा दाखला कोण देणार?

‘ख्रिस्ती आहात ते ठीक, पण खरे ख्रिस्ती आहात का?’ हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला बाहेरचे लोक सहसा विचारत नाहीत. विचारतात ते दुसऱ्या पंथातले ख्रिस्तीच. पुतळ्यांपुढे मेणबत्त्या लावणारे कसले ख्रिस्ती, असे एकाला वाटते. प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा ज्यांनी तोडली त्यांची मंडळी कसली, असे दुसऱ्याला. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घातले तो बाप्तिस्माच नव्हे, असे तिसरा ठासून सांगतो. आणि अन्य भाषांत बोलण्याचे दान मिळाले नसेल तर पवित्र आत्मा अजून आलेलाच नाही, असे चौथा. प्रत्येकाच्या हाती शास्त्रवचने तयार असतात आणि तो ती मनापासून मानत असतो. म्हणूनच हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

जगात दोनशे कोटींहून अधिक लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. त्यांतले सुमारे निम्मे कॅथलिक. उरलेल्यांत ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन, रिफॉर्म्ड, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल आणि कोणत्याही मोठ्या घराण्यात न बसणाऱ्या असंख्य स्वतंत्र मंडळ्या. मीही ख्रिस्ती आहे. माझ्या मंडळीची शिकवण मला पटते, आणि पटते म्हणूनच मी तिथे आहे. तेव्हा पंथापंथांतले फरक म्हणजे नुसती माणसांची भांडणे, असे मी म्हणणार नाही. प्रभुभोजनातल्या भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो की ती केवळ आठवण आहे, हा फरक खरा आहे. मंडळीत शेवटचा शब्द कोणाचा, हाही खरा आहे.

पण यापुढे एक पाऊल टाकले जाते आणि तिथे माझा विरोध सुरू होतो. पंथाने शिकवण ठरवावी, शिस्त ठरवावी, आपल्या वेदीशी कोण उभा राहील आणि व्यासपीठावरून कोण बोलेल हे ठरवावे. समोरचा माणूस ख्रिस्ताचा आहे की नाही, याचा दाखला देण्याचा अधिकार मात्र कोणत्याही पंथाला मिळालेला नाही. आणि ज्याला आपण चुकलेला समजतो त्याच्याशी आपण कसे वागतो, हा विश्वासानंतरचा, वेगळा असा शिष्टाचाराचा विषय नाही. तो विश्वासाचाच विषय आहे. नव्या करारात तो तसाच आला आहे.

आधी दोन सोप्या उत्तरांचा निकाल लावू. पहिले उत्तर असे की, पंथबिंथ सगळे झूट, चांगला माणूस तोच खरा ख्रिस्ती. ऐकायला हे उदार वाटते, पण त्यात दोघांचा अपमान आहे. प्रामाणिक, दयाळू बौद्ध हा चांगला बौद्ध असतो. ज्यू किंवा नास्तिक माणूस त्याच्या सज्जनपणाबद्दल स्तुतीला पात्र असतो तो स्वतःच्या नावाने. त्याला न विचारता त्याच्यावर आपले नाव चिकटवणे म्हणजे चांगुलपणाची मालकी आपल्याकडे आहे असे धरून चालणे. दुसऱ्या बाजूने, ख्रिस्ती विश्वासाच्या मध्यभागी एक विशिष्ट व्यक्ती आहे. फिलिप्पाच्या कैसरियाच्या भागात येशूने शिष्यांना विचारले होते, तुम्ही मला कोण म्हणून म्हणता? त्या प्रश्नाला ‘मी भला माणूस आहे’ हे उत्तर होत नाही. निकेया येथे 325 मध्ये बिशप जमले ते शब्दांचा कीस पाडायला जमले नव्हते. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, असे आरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता. तसे असेल तर क्रुसावर प्राण देणारा देव नव्हे, देवाने पाठवलेला दुसराच कोणी ठरतो, आणि देवाने जगावर प्रीती केली या वाक्यातला कणाच निघून जातो. 2025 मध्ये त्या सभेला 1700 वर्षे झाली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या आजही त्या सभेच्या विश्वासांगीकाराला, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीला, आपला म्हणतात. एवढा मोठा समाईक वाडा असताना आपण भांडतो बहुधा खोल्यांवरून.

दुसरे सोपे उत्तर: आम्ही कुठल्याच पंथाचे नाही, आम्ही फक्त बायबल मानतो, फक्त ख्रिस्ती आहोत. यामागची तळमळ मला समजते. पण पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले तेव्हा तिथे चार गट पडले होते: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा) आणि मी ख्रिस्ताचा. चौथा गट नीट पाहावा. ख्रिस्ताचे नाव घेऊनही गट पाडता येतो, आणि पौल त्याला वेगळी सूट देत नाही. 1809 मध्ये अमेरिकेत थॉमस कॅम्पबेल यांनी सर्व पंथांनी मानवी मतपत्रे बाजूला ठेवून केवळ नव्या करारावर एकत्र यावे असे आवाहन केले. चळवळ वाढली, लाखो लोक आले. आणि 1906 च्या अमेरिकी धार्मिक जनगणनेत त्याच चळवळीची दोन वेगळी नावे नोंदली गेली. भांडणाचे एक कारण होते उपासनेत वाद्ये वाजवावीत की नाही. पंथ मोडायला निघालेल्या, हेतूने स्वच्छ असलेल्या माणसांच्या हातूनच नवे पंथ झाले. बायबल वाचणारा कोणीही कुठून तरी वाचत असतो. आपली जागा नाकारल्याने ती नाहीशी होत नाही.

मग उरते ते गंभीर उत्तर, आणि बहुतेक पंथ मनातल्या मनात तेच देतात: ज्याची शिकवण बरोबर तो खरा ख्रिस्ती. याला इतिहासाने जे उत्तर दिले आहे ते वाचताना मला अजूनही सुचेनासे होते.

5 जानेवारी 1527 रोजी झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ नावाच्या तरुणाला हातपाय बांधून लिमात नदीत बुडवण्यात आले. गुन्हा: प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देणे. शिक्षा देणारी नगरपालिका प्रोटेस्टंट पुढारी झ्विंग्ली यांच्या धर्मसुधारणेने चालणारी होती. मान्झ आणि झ्विंग्ली आदल्या काही वर्षांपर्यंत एकत्र बसून ग्रीक नवा करार वाचत होते. मान्झची आई काठावरून त्याला टिकून राहायला सांगत होती, अशी नोंद आहे. पाण्यात लोटणारे आणि लोटला जाणारा, दोघेही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवरचा तोच विश्वास मानत होते.

मायकेल सर्व्हेटसने त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, नाकारले होते. 1553 मध्ये फ्रान्समधल्या व्हिएन येथे कॅथलिकांनी त्याच्यावर खटला भरला. तो तुरुंगातून निसटला, तेव्हा त्याच्या गैरहजेरीत जाळण्याची शिक्षा सुनावून त्याच्या पुतळ्याला जाळण्यात आले. तो जिनिव्हाला पोहोचला, तिथे प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या मंडळीत लोकांनी त्याला ओळखले, आणि 27 ऑक्टोबरला त्याला खरोखरच जाळले. एकमेकांना ख्रिस्तविरोधी म्हणणाऱ्या दोन पक्षांचे एकमत झाले ते या एका माणसाच्या चितेवर. सर्व्हेटसचे मत मला चूक वाटते. पण त्या दिवशी चंपेलच्या टेकडीवर ख्रिस्ताच्या जवळ कोण उभे होते, हे शिकवणीच्या परीक्षेतल्या गुणांवरून ठरवायला गेलो तर उत्तर लाकडे रचणाऱ्यांच्या बाजूने येते. ते उत्तर मी स्वीकारू शकत नाही. दुसऱ्याच वर्षी सेबास्टियन कॅस्टेलियो या प्रोटेस्टंट विद्वानाने लिहिले की माणसाला मारणे म्हणजे सिद्धांताचे रक्षण करणे नव्हे, ते माणसाला मारणेच.

आणि आस्पेरनचा डर्क विलेम्स. नेदरलँड्समध्ये त्या वेळी कॅथलिक स्पेनची सत्ता होती. डर्कने प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला होता, आपल्या घरी इतरांनाही घेऊ दिला होता. कैदेतून चिंध्यांच्या दोरावरून उतरून तो पळाला. वाटेत गोठलेले पाणी होते आणि बर्फ पातळ होता. कैदेतल्या निकृष्ट अन्नाने हाडे उरलेला डर्क कसाबसा पार झाला. मागे धावणारा शिपाई मात्र बर्फ फुटून खाली गेला. डर्क थांबला, वळला, परत आला आणि त्याला बाहेर ओढले. शिपायाला त्याला सोडून द्यायचे होते. पण नगराध्यक्षाने पलीकडून ओरडून त्याला त्याच्या शपथेची आठवण करून दिली. 16 मे 1569 रोजी डर्कला जाळण्यात आले. न्यायसभेच्या निकालपत्रात त्याच्या चुकीच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे.

डर्क परत का वळला, यावर मला विवेचन करायचे नाही. शत्रूंवर प्रीती करा हे त्याने ऐकले होते, आणि निकालपत्र लिहिणाऱ्यांनीही तेच ऐकले होते. कॅथलिकांनीच असे केले असेही नाही. 1586 मध्ये यॉर्क येथे मार्गारेट क्लिदरो या बाईला प्रोटेस्टंट इंग्लंडच्या न्यायालयाने वजनाखाली चिरडून मारले. घरात कॅथलिक धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या आरोपावर तिने न्यायालयापुढे बाजू मांडायला नकार दिला होता. आणि पुनर्बाप्तिस्मा मानणाऱ्यांनीही 1534-35 मध्ये म्युन्स्टर शहर ताब्यात घेतले तेव्हा तलवार चालवलीच. कोणाचेच हात स्वच्छ नाहीत.

यावर कोणी म्हणेल, मग आचरणच कसोटी धरा. ज्यांचे जीवन पवित्र तेच खरे. हा रस्ताही मंडळीने फार पूर्वी चालून पाहिला आहे, आणि त्याची गोष्ट मला सर्वांत शिकवणारी वाटते. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती पवित्र ग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला. कोणी ग्रंथ लपवले आणि प्राण दिले, कोणी भीतीने ते शिपायांच्या हवाली केले. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेत प्रश्न उठला: ज्याने ग्रंथ सोपवले अशा बिशपाने दिलेली दीक्षा खरी कशी? कार्थेजच्या बिशपाला दीक्षा देणाऱ्यांत असा एक जण होता असा आरोप झाला, आणि मंडळी दुभंगली. डोनाटसच्या अनुयायांनी आपली शुद्ध मंडळी वेगळी मांडली. शंभर वर्षे गावोगावी दोन बिशप, दोन वेद्या. ते ढोंगी नव्हते. त्यांच्या पाठीशी हुतात्म्यांच्या कबरी होत्या, आणि ज्याने संकटात पाठ फिरवली त्याच्या हातून प्रभुभोजन घेताना त्यांच्या अंगावर काटा येत असणार.

उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन याने त्यांना दिलेले उत्तर आजही पाश्चात्त्य मंडळ्यांचा पाया आहे. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या पुण्याईवर बाप्तिस्मा उभा नसतो, तो ख्रिस्ताचा असतो. मंडळीत गहू आणि निदण (तण) एकत्र वाढतात. दाखल्यातला धनी चाकरांना कापणीपर्यंत निदण उपटू देत नाही, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. यातून निघते ते फार मोठे आहे. शुद्ध लोकांची मंडळी मागणाऱ्याला प्रत्येक शेजाऱ्याची चौकशी करत बसावे लागते, आणि अखेर तो एकटा उरतो.

पण हाच ऑगस्टीन पुढे काय करतो? 411 मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे प्रत्येकी अडीचशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले, शाही अधिकाऱ्याने डोनाटसवाद्यांच्या विरुद्ध निकाल दिला, आणि मग दंड, जप्ती, हद्दपारी सुरू झाली. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीच्या दाखल्यातला यजमान लोकांना आग्रहाने आत आणायला सांगतो. त्या वाक्याचा आधार घेऊन ऑगस्टीनने या सक्तीचे समर्थन केले. पुढे हजार वर्षे ते समर्थन छळ करणाऱ्यांच्या कामी आले. जो माणूस निदण उपटू नका असे इतक्या सुंदर शब्दांत सांगू शकतो, त्याच्याच हाती खुरपे दिसावे, याचे मला वाईट वाटते. तो लबाड नव्हता. आपण बरोबर आहोत याची खात्री माणसाला कुठपर्यंत नेते, हे त्याच्यासारख्या मोठ्या माणसात दिसते म्हणून ते जास्त बोचते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अंत्युखिया शहरात शिष्यांना प्रथम ख्रिस्ती हे नाव मिळाले, असे प्रेषितांची कृत्ये सांगते. त्याच शहरात पेत्र आणि पौल यांच्यात उघड खटका उडाला. पेत्र तिथे परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही माणसे आली, आणि तो त्यांच्या भीतीने त्या पंक्तीतून उठला. त्याच्या मागोमाग इतर यहूदी, इतकेच काय, पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा. पौलाने सर्वांसमोर त्याला धारेवर धरले. लक्षात घ्यावे की पेत्राने एकही सिद्धांत नाकारला नव्हता. येशू ख्रिस्त आहे हे प्रथम तोंडाने कबूल करणारा तोच. तो फक्त उठून दुसरीकडे बसला. तरी पौल म्हणतो, हे शुभवर्तमानाच्या सत्याला धरून वागणे नव्हे. कोणाबरोबर जेवायला बसत नाही, यात माणसाचा विश्वास उघडा पडतो. शिकवण आणि वागणूक यांची जी फाळणी आपण सोयीने करतो, ती पौलाने तिथेच रद्द केली.

दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने ती पुन्हा केली. 1857 च्या सिनडने, म्हणजे चर्चच्या प्रातिनिधिक सभेने, ठराव केला: नव्या कृष्णवर्णीय विश्वासणाऱ्यांना चालू मंडळ्यांतच घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ जिथे ते जमत नाही तिथे त्यांनी वेगळ्या इमारतीत उपासना करावी. काही गोऱ्यांना त्यांच्याबरोबर एका मेजावर प्रभुभोजन नको होते, आणि त्या दुर्बलतेला सवलत मिळाली. सवलतीची रीत झाली, रीतीची 1881 मध्ये वेगळी मंडळी झाली, आणि 1948 नंतर राज्याने वंशभेदाचे धोरण उभारले तेव्हा त्याला धर्मशास्त्राचा आधार त्याच चर्चने पुरवला. त्यांचा विश्वासांगीकार कागदावर निर्दोष होता. 1982 मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वंशभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड आहे असे जाहीर केले आणि दोन गोऱ्या मंडळ्यांचे सदस्यत्व स्थगित केले. त्याच वर्षी वेगळ्या केलेल्या त्या मिशन मंडळीने बेल्हार येथे नवा विश्वासांगीकार मांडला आणि 1986 मध्ये स्वीकारला. पाखंड हा शब्द इथे प्रथमच योग्य जागी पडला, असे मला वाटते. कोणाला चितेवर चढवले नाही, कोणाचा बाप्तिस्मा रद्द केला नाही. तुम्ही जे करता ते शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे, एवढे ठणकावून सांगितले.

म्हणजे निवाडा कधीच करू नये असे मी म्हणत नाही. त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल, हे येशूने खोट्या संदेष्ट्यांबद्दल म्हटले, म्हणजे शिकवणाऱ्यांबद्दल, अधिकार मागणाऱ्यांबद्दल. 2002 मध्ये बॉस्टनमध्ये उघड झाले की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना कॅथलिक वरिष्ठ वर्षानुवर्षे एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवत होते. 2022 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनबद्दल स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला: आरोप असलेल्या शेकडो जणांची यादी कार्यालयात होती, आणि ती लपवून पीडितांनाच गप्प केले जात होते. धर्मसिद्धांतात ही दोन टोके आहेत. एकाकडे पोप आणि बिशपांची उतरंड, दुसऱ्याकडे प्रत्येक मंडळी स्वतंत्र. कोणतीही रचना माणसाला वाचवू शकली नाही. अशा ठिकाणी ‘दोष लावू नका’ हे वचन पुढे करणे म्हणजे लांडग्याला कुंपण घालून देणे. पण हा निवाडा आपापल्या मंडळीत, आपल्याच पुढाऱ्यांचा व्हायला हवा. आपण मात्र नेमके उलटे करतो: आपल्या पुढाऱ्यांवर पांघरूण घालतो आणि दुसऱ्या पंथातल्या साध्या विश्वासणाऱ्याच्या तारणाची चिकित्सा करतो.

सीमारेषेवरची माणसे या दाखला-पद्धतीची पंचाईत करतात. क्वेकर पंथाचे लोक पाण्याचा बाप्तिस्मा देत नाहीत, प्रभुभोजनाचा विधी करत नाहीत. त्यांच्या दोन सेवासंस्थांना 1947 चे शांततेचे नोबेल मिळाले ते युद्धात होरपळलेल्यांना, मित्र आणि शत्रू असा भेद न करता, मदत केल्याबद्दल. साल्वेशन आर्मीने 1883 पासून दोन्ही संस्कार सोडले. नियमाने पाहिले तर या लोकांना ख्रिस्ती म्हणायला अनेक पंथांना अडचण यावी, आणि तरी म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या त्या चोराचा तर बाप्तिस्माही नव्हता आणि शिकवणही नव्हती. ‘माझी आठवण ठेव’ एवढेच त्याने मागितले. याचा अर्थ बाप्तिस्मा ऐच्छिक आहे असा मी काढत नाही; मला तो आवश्यक वाटतो. पण देवाने दिलेल्या साधनांना आपण बांधलेले आहोत, देव नाही. उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. येशूला पित्याशी एकरूप देव न मानणाऱ्या गटांशी माझा मतभेद खोल आहे. त्यांची शिकवण ख्रिस्ती मंडळीच्या मूळ कबुलीजबाबाशी जुळत नाही असे मी म्हणेन. ते शिकवणीबद्दलचे विधान झाले. त्यांच्यातली एखादी आजी रात्री येशूचे नाव घेऊन प्रार्थना करते तेव्हा तिचे कोण ऐकतो, याबद्दल विधान करायला मला कोणी नेमलेले नाही.

मराठी वाचकाला इथे पंडिता रमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद सुरू झाला. त्रैक्याबद्दल बाईंना शंका होत्या. मंडळी सांगते म्हणून मान्य करा, हे त्यांना पटत नव्हते. पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी कळवले. आपण ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीच्या आहोत, पण धर्मगुरू किंवा बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेल्या नाही, ही त्यांची भूमिका होती. सिस्टरना हा गर्व वाटला. आज ती पत्रे वाचताना दिसते की दोघीही सत्यासाठी झगडत होत्या. पण सिस्टरचा विश्वास व्यवस्थेत सुरक्षित होता, आणि रमाबाई एकट्या, परक्या देशात, स्वतःच्या बुद्धीने आणि शास्त्राने ख्रिस्ताकडे चालल्या होत्या. पुढे हजारो निराधार स्त्रियांना आसरा देणाऱ्या आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या बाईंच्या ख्रिस्तीपणावर 1883 मध्येच शिक्का मारायला बसणारा कोणीही घाई करत होता.

घाईचा आणखी एक नमुना 1054 चा. रोमच्या कार्डिनल हुम्बर्ट यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचे पत्र ठेवले. त्यात ग्रीकांवर आरोप होता की त्यांनी विश्वासांगीकारातून ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द गाळले. प्रत्यक्षात ते शब्द मुळात नव्हतेच. पश्चिमेने ते नंतर घातले होते. 1965 मध्ये पोप पॉल सहावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख अथेनागोरस यांनी ते परस्परांवरचे बहिष्कार स्मृतीतून पुसून टाकले. नऊशे वर्षे लागली.

वाद थांबवावेत असे मात्र मला मुळीच वाटत नाही. नीट घातलेला वाद काय करू शकतो याचा पुरावा आहे. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, असे पौल रोमकरांस लिहितो. केवळ विश्वासाने नव्हे, क्रियांनी, असे याकोब. लूथरने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे, म्हणजे हलक्या किमतीचे, पत्र म्हटले, आणि या एका प्रश्नावर युरोप फाटला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: आपल्या पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो. पुढे मेथडिस्ट, रिफॉर्म्ड आणि अँग्लिकन संघही त्यात आले. उरलेले फरक त्यात लपवलेले नाहीत, ते लिहून ठेवले आहेत. दशकानुदशके अभ्यासकांनी एकमेकांचे ग्रंथ एकमेकांच्या भाषेत वाचले तेव्हा हे घडले. बाप्तिस्म्याबाबतही वाट निघाली: 2007 मध्ये माग्डेबुर्ग येथे जर्मनीतल्या अकरा मंडळ्यांनी एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य केला. बॅप्टिस्ट त्यात नाहीत, कारण बालबाप्तिस्मा त्यांना मान्य करता येत नाही. त्यांचा तो नकार मला प्रामाणिक वाटतो.

अडले आहे ते प्रभुभोजनाच्या मेजाशी. 15 नोव्हेंबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस रोममधल्या लुथरन चर्चमध्ये गेले असता एका लुथरन स्त्रीने त्यांना विचारले: माझे पती कॅथलिक आहेत, आम्ही कित्येक वर्षे एकत्र संसार करतो, मग प्रभुभोजनाला आम्ही एकत्र का येऊ शकत नाही? फ्रान्सिस यांनी बाप्तिस्मा एक, प्रभू एक, विश्वास एक याची आठवण दिली, प्रभूशी बोला आणि पुढे चला असे सांगितले, आणि याहून अधिक म्हणायला मी धजत नाही असे म्हटले. 2018 मध्ये जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी अशा जोडप्यांसाठी काही प्रसंगी वाट मोकळी करण्याचे ठरवले, तर त्यांच्यातल्याच सात जणांनी रोमकडे दाद मागितली.

हा निर्बंध आणि 1857 चा ठराव एकाच तागडीत घालता येत नाहीत. एकात माणसाचा रंग नकोसा होता. दुसऱ्यात त्या भाकरीविषयीचा गंभीर विश्वास आहे, आणि एकत्र घेणे म्हणजे अजून न झालेली एकी झाली असे दाखवणे, अशी भीती आहे. ती भीती मी हलकी मानत नाही. पण अंत्युखियाच्या पंक्तीतला प्रश्न तिला चुकवता येणार नाही. नियम राखायचा असेल तर तो का राखतो, हे त्या बाईला समोर बसवून सांगता आले पाहिजे. आणि सांगताना तिच्या ख्रिस्तीपणाविषयी शंकेचा आधार घेता येणार नाही. कॅथलिक चर्चने तिचा बाप्तिस्मा ग्राह्य धरला आहे, तेव्हा ती शंका त्याने आधीच सोडून दिली आहे.